घोड्याने काय केले?

स्वमग्न मुलांना घोडेस्वारीचा उपयोग होतो का, हा प्रश्न निघाला की बोलणे थोड्याच वेळात ‘द हॉर्स बॉय’वर येते. रूपर्ट आयझॅकसन यांचे हे पुस्तक आणि त्याच प्रवासावर मायकेल ओरायन स्कॉट यांनी केलेला माहितीपट, दोन्ही २००९ साली लोकांसमोर आली. माहितीपट देखणा आहे आणि त्यातल्या बापाची तळमळ खरी आहे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्याने तो हातात पेन्सिल घेऊनच पाहावा, असे आम्हाला वाटते.

कथा थोडक्यात अशी. आयझॅकसन हे तेव्हा अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये राहणारे लेखक, त्यांच्या तेव्हाच्या पत्नी क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या मुलाला, रोवनला, २००४ मध्ये स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असल्याचे निदान झाले. बोलणे फारसे नाही, सावरता न येणारा आकांत आणि शौचाची सवय लागता लागत नाही. एके दिवशी हा मुलगा शेजाऱ्याच्या कुरणात शिरला आणि बेट्सी नावाच्या घोडीच्या पायांशी जाऊन आडवा झाला. घोडी शांत राहिली. पुढे बापलेक तिच्या पाठीवर बसून हिंडू लागले आणि मुलाच्या तोंडून शब्द येऊ लागले. मग वडिलांच्या मनाने घेतले, की जिथे घोडेही आहेत आणि शामानही आहेत अशा मंगोलियात त्याला न्यायचे. शामान म्हणजे आपल्याकडच्या भगताशी मिळतीजुळती माणसे. २००७ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या मुलाला घेऊन हे कुटुंब निघाले आणि विधी करत करत उत्तरेकडच्या रेनडियर पाळणाऱ्या लोकांपर्यंत पोचले. परतीच्या वाटेवर मुलाने पहिल्यांदा स्वतःहून शौचाचा विधी उरकला. त्याचा आकांत कमी झाला, त्याला एक मित्रही मिळाला.

आता पेन्सिलीचे काम. या काही आठवड्यांत त्या मुलाच्या आयुष्यात काय काय बदलले? घोडा होता, तो तर घरीही होता. शामान होते. आईवडील दिवसरात्र सोबत होते, एरवी कामधंद्यामुळे ते शक्य नसते. वाटाड्याचा त्याच्याच वयाचा मुलगा बरोबर होता. शाळा नव्हती, गोंगाट नव्हता, मोकळे माळरान होते. शिवाय मूल वाढत होते, आणि पाच-सहा वर्षांचे मूल काही महिन्यांत पुष्कळ बदलते. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलायचा असे आपण आठवीच्या मुलांना सांगतो. इथे निदान सहा घटक एकदम बदलले आहेत. गंमत म्हणजे मंगोलियात पोचल्यावर या मुलाने सुरुवातीला घोड्यावर बसायलाच नकार दिला होता, आणि काही वाट गाडीने कापावी लागली. माहितीपटाने हे लपवलेले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण नाव ‘हॉर्स बॉय’ आहे, आणि प्रेक्षकाच्या मनात शेवटी उरतो तो घोडाच.

आयझॅकसन स्वतः ‘मुलगा स्वमग्नतेतून बरा झाला’ असे म्हणत नाहीत. स्वमग्नता आहेच, पण ज्या गोष्टींनी घर मेटाकुटीला आले होते त्या गेल्या, एवढेच त्यांचे म्हणणे. हा भेद महत्त्वाचा आहे, पण ऐकीव गोष्टीत तो हटकून गळतो. माहितीपटात सायमन बॅरन-कोहेन आणि टेंपल ग्रँडिन यांच्यासारखी या विषयातली मोठी माणसे बोलतात. ती बोलतात स्वमग्नतेविषयी. विधींनी काही होते असा निर्वाळा देत नाहीत. मात्र त्यांचे बोलणे प्रवासाच्या आणि विधींच्या दृश्यांमध्ये गुंफल्यामुळे त्यांच्या अधिकाराचे वजन विधींनाही मिळते. ही किमया संकलनाची, आणि आमचा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. दुसरा आक्षेप वेगळ्या जातीचा. पाच वर्षांच्या मुलाचा आकांत कॅमेऱ्याने जवळून टिपला आणि जगाला दाखवला. त्याला कुणी विचारले असेल, आणि विचारले तरी त्याला काय कळले असेल?

म्हणून घोड्याचा मुद्दाच निकालात काढायचा का? तसे नाही. चांगली गोष्ट पुरावा नसते, पण कधीकधी चांगला प्रश्न असते, आणि या प्रश्नाला संशोधकांनी हात घातलेला आहे. मार्गारेट बास आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९ मुलांना १२ आठवडे घोडेस्वारी दिली, उरलेली १५ प्रतीक्षा यादीत ठेवली. स्वारी करणाऱ्यांमध्ये लोकांत मिसळण्याची ओढ वाढली आणि लक्ष विचलित होणे कमी झाले, असे दिसले. पण तुलना झाली ती ‘घोडा’ आणि ‘काहीच नाही’ यांची. दर आठवड्याला घराबाहेर नेऊन, प्रेमळ शिक्षकाच्या हाती देऊन काहीही शिकवले असते, तरी थोडाफार फरक दिसला असता.

रॉबिन गेब्रिएल्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हाला आवडतो तो याच कारणासाठी. ६ ते १६ वर्षांची १२७ मुले घेतली आणि जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला १० आठवडे घोडेस्वारी. दुसरा गटही पागेतच जमायचा, घोड्याची निगा आणि खोगीर-लगाम अशा विषयांचे धडे तशाच पद्धतीने घ्यायचा. फक्त त्यांच्यासमोर होता खऱ्याच्या मापाचा, भुसा भरलेल्या खेळण्यासारखा घोडा. यामुळे बाहेर पडणे, शिक्षक, सवंगडी हे सगळे दोन्हीकडे सारखे झाले. स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, फरक पाचव्या आठवड्यापासून दिसू लागला. त्याचे मान मध्यम होते, जादूचे नव्हे. ठरावीक पद्धतीने घेतलेल्या बोलण्याच्या चाचणीत ही मुले शब्दही जास्त आणि नवे वापरू लागली.

इथे आणखी एक बारकावा आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या एका घोड्याची आठवण काढली पाहिजे. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले तेव्हा कळले, की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नाही. माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली तो टिपत होता. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने मोजमाप करू नये, हा धडा त्यातून मिळाला. गेब्रिएल्स यांच्या प्रयोगात चिडचिडीची नोंद पालकांनी केली, आणि आपले मूल कोणत्या गटात आहे हे पालकांना ठाऊक होते. त्याउलट प्रयोगाच्या आधी आणि नंतर मुलांची प्रत्यक्ष चाचणी घेणाऱ्यांना गट सांगितलेले नव्हते. म्हणून शब्दांच्या निष्कर्षावर आम्ही अधिक भरवसा ठेवू, चिडचिडीच्या निष्कर्षावर जरा हात राखून.

घोड्याचा इलाज म्हणून एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपतात, हेही शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. पोलिओने गुडघ्यांखाली लुळ्या झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून या उपचाराकडे लोकांचे लक्ष गेले. तिथला युक्तिवाद शरीराचा आहे. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर स्वाराचे कटिबंध जवळजवळ माणूस चालताना हलते तसे हलते, म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञ त्याचा वापर करतात. स्वमग्न मुलाबाबतचा दावा वेगळा आहे, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

गेब्रिएल्स यांच्या दुसऱ्या गटात जिवंत जनावर नव्हते. त्यामुळे जो फरक पडला तो स्वारीच्या झुलण्याचा, घोड्याच्या उंचीचा, की उबदार, श्वास घेणाऱ्या कुठल्याही प्राण्याजवळ असण्याचा, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. ज्या शाळेच्या आसपास घोडा नाही, पण शेळ्या आणि वासरे आहेत, तिथल्या शिक्षकाला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते.