मुलांची टिपणवही आणि तांबडी शाई

लिहावयास शिकविणे म्हणजे निबंध लिहावयास शिकविणे, ही समजूत आपल्या शाळांतून कित्येक पिढ्या रूढ आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझा आवडता पक्षी’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हे विषय आमच्या प्रत्येक वाचकाने कधी ना कधी हाताळले असतील, आणि त्यांतील आरंभीची दोन-चार वाक्ये त्यास आजही मुखोद्गत असतील. ज्याने मोर केवळ चित्रात पाहिला त्याने पिसाऱ्याचे वर्णन करावे, आणि ज्याच्या घराचे छप्पर गळते त्यानेही पावसाचे कौतुकच करावे, असा हा प्रकार आहे. अशा निबंधात बहुधा चुका नसतात. पण ते लिहिणारे मूलही त्यात नसते.

या कृत्रिमतेवर उपाय म्हणून प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती लेखकासारखी टिपणवही द्यावी, असा विचार अलीकडच्या काळात अमेरिकेत बराच रुजला. डोनल्ड ग्रेव्हज यांनी १९८३ साली मुलांच्या लेखनाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे लूसी कॉकिन्स यांनी तो विचार वर्गावर्गांत नेला, आणि राल्फ फ्लेचर यांनी १९९६ साली खुद्द मुलांसाठीच या वहीवर एक छोटे पुस्तक लिहिले. ही वही म्हणजे रोजनिशी नव्हे. दिवसभरात काय केले याचा हिशेब तीत द्यावयाचा नसतो. कानावर पडलेले एखादे बोलणे, मनात अडकलेले चित्र, न सुटलेला प्रश्न, नुसती एखादी यादी, जे जे पुढे कधी उगवेल असे वाटते ते ते तीत टाकून ठेवावयाचे. सगळेच बी उगवत नाही, हे शेतकऱ्यास जसे ठाऊक असते तसे या वहीच्या मालकासही ठाऊक असावे लागते.

वस्तुतः या विचाराचे मूळ याहून जुने आहे. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत टॉलस्टॉय यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना एका म्हणीवर गोष्ट रचावयास बोलाविले. आरंभी लेखणी त्यांच्या हाती होती; पण थोड्याच वेळात मुले सांगू लागली आणि टॉलस्टॉय लिहून घेऊ लागले. गोष्टीत एक शेजारी घरात येतो. त्याने अंगात बायकी कोट घातला होता, हे लिहिलेच पाहिजे, असा त्यांतील फेदका नावाच्या मुलाने आग्रह धरला. घाईत जो कोट हाताशी आला तो चढवून आलेला तो दुबळा माणूस त्या एका तपशिलाने डोळ्यांसमोर उभा राहिला. १८६२ साली लिहिलेल्या निबंधात टॉलस्टॉय यांनी प्रश्न केला की, लिहावयास कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून? यात भाबडेपणाचा अंश असेल. परंतु तो बायकी कोट कोणत्याही निबंधमालेत सापडणार नाही, हे नाकारता येत नाही. मुलाने तो कोठे तरी पाहून ठेवला होता. टिपणवही हवी ती याचसाठी, असे पाहून ठेवलेले कोट टांगण्यास एक खुंटी असावी म्हणून.

मराठीतही हा प्रश्न अगदीच परका नाही. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून होतकरू लेखकांस तंत्राचे धडे दिले. त्यांच्याच कन्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले, आणि तेथे मुलाच्या अनुभवास पाठ्यपुस्तकाच्या पंक्तीस बसविले. वडिलांनी रचना कशी करावी हे मोठ्यांना सांगितले. रचावयाचे ते येते कोठून, हा त्या आधीचा प्रश्न कन्येने लहानांच्या वर्गात नेला. आपल्या शाळांतील हस्तलिखित अंकांची परंपरा चांगली खरी, पण आम्हांस तिचा एक दोष जाणवतो. हस्तलिखित हा लेखनाचा शेवट आहे. त्याचा आरंभ व्हावयास हवा तो वहीत. आरंभावाचून शेवट मागितला की मुले तो उसना आणतात.

आता हे सारे मोहालीस कसे लागू पडते ते पाहू. पंजाब शालेय शिक्षण मंडळाचे मुख्यालय याच नगरात आहे, आणि २००८ च्या कायद्याने राज्यातील शाळांतून पहिली ते दहावी पंजाबी अनिवार्य आहे. ते योग्यही आहे; ज्या भूमीचे अन्न खावे तिची भाषा शिकावी. पण त्यामुळे बदलीच्या नोकरीवर येथे आलेल्या मराठी माणसाचे मूल पंजाबी गुरुमुखीत लिहिते, हिंदी देवनागरीत लिहिते, इंग्रजी रोमन लिपीत लिहिते, आणि मराठी केवळ बोलते. मराठी लिहिण्याची त्याला कोठेच गरज पडत नाही.

येथील एका मराठी घरी चौथीतल्या मुलीची टिपणवही आम्हांस पाहावयास मिळाली. जानेवारीतल्या एका सकाळी शाळेची बस आधी ऐकू येते आणि मग दिसते, असे तिने टिपले होते. शाळा तिने ‘शाला’ लिहिली होती आणि आभाळ ‘आभाल’, कारण हिंदीच्या वर्गातील अक्षरमालेत ‘ळ’ नाही. (गंमत अशी, की भोवतालच्या पंजाबी बोलीत ‘ळ’ हा उच्चार आहे.) आणि आज फार ‘धुंद’ होती, असेही तीत होते. पंजाबीत धुंद म्हणजे धुके. वडिलांनी हे तिन्ही शब्द तांबड्या शाईने खोडून वर शुद्ध रूपे लिहिली होती, आणि ‘धुंद’ शब्दाचा मराठीत काय अर्थ होतो तेही समासात समजावून सांगितले होते. पुढच्या पानांवरचे मराठी निर्दोष होते. शाळेत गेलो, अभ्यास केला, मजा आली. दिवस शुद्ध झाला होता, आणि रिकामाही.

त्या वडिलांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परमुलुखात भाषा निसटते आहे ही भीती आम्हीही ओळखतो. पण त्यांची दुरुस्ती वाङ्मयदृष्ट्याही चुकीची होती, असे आमचे मत आहे. बस गिळून टाकणारी ती मोहालीची सकाळ म्हणजे महाबळेश्वरचे धुके नव्हे, ती धुंदच. तो शब्द त्या मुलीच्या लेखनातील बायकी कोट होता. शीख परंपरेने ज्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात जतन केली, त्या नामदेवांच्या हिंदी पदांत मराठी रूपे मिसळलेली आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ २०१५ चे साहित्य संमेलन आपण घुमानला भरविले, त्यांच्या मिश्र बोलीस आपण वंदन करतो आणि आपल्या मुलांच्या मिश्र बोलीवर रेघ ओढतो, यात विसंगती आहे.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा मुळीच नाही. वहीतील एखादे टिपण निवडून मूल जेव्हा आजीस पत्र लिहील किंवा मंडळाच्या अंकासाठी गोष्ट तयार करील, तेव्हा ‘ळ’ जागच्या जागी आलाच पाहिजे. तेथे वाचक असतो आणि वाचकाचा मान राखावा लागतो. पण टिपणवही ही त्या आधीची जागा आहे. तेथे मोठ्यांनी यावयाचे ते परीक्षक म्हणून नव्हे, तर मुलाने बोलाविल्यास वाचक म्हणून. आणि वाचकाने विचारावयाचे ते एवढेच, की मग पुढे काय झाले? जी शाळा या वहीलाही गुण देऊ लागेल, तिने निबंधाचीच दुसरी वही काढली असे समजावे.

आपल्या मुलांच्या शाळा बदलतात, मैत्रिणी बदलतात, पाठ्यपुस्तके आणि लिप्याही बदलतात. एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास त्यांच्याबरोबर अखंड जाईल असे फार थोडे असते. बदलीचा हुकूम आला की पुढील महिन्यात सामान बांधले जाते आणि जुन्या वह्या कबाड्यास दिल्या जातात. त्यांतील ही एक वही मात्र, तिच्यातील ‘शाला’ आणि ‘धुंद’ यांसह, तेवढी ट्रंकेत ठेवावी, अशी आमची विनंती आहे.