शेवटचे स्थानक कोणाचे?

नागपूर मेट्रोची पूर्व-पश्चिम मार्गिका लोकमान्य नगरहून निघते आणि सीताबर्डीमार्गे प्रजापती नगरला संपते. पूर्वेकडचा हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. प्रजापती नगर हे ‘शेवटचे स्थानक’ ठरले, ते सीताबर्डीहून निघणाऱ्याच्या हिशेबाने. कोहमाऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने साकोली, लाखनी, भंडारा, मौदा करीत मेडिकलला किंवा हायकोर्टाच्या कामाला येणाऱ्याच्या वाटेवर मेट्रोचे पहिले स्थानक हेच आहे.

मेट्रोच्या रेखानकाशात या प्रवाशाला जागा नाही. हा दोष एकट्या नागपूरचा नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेकने आखलेला नकाशा १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला. त्याने खरी अंतरे आणि वळणे सोडून दिली. स्थानकांचा क्रम व जोडण्या तेवढ्या ठेवल्या. पुढे जगभर हीच रीत रुळली. गाडी कोठे बदलायची हे त्यातून चटकन समजते, पण रेघ संपली की पुढे कोरा कागद.

नागपुरात याहून जुनी अशी एक वेगळी रीत आहे. झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर अशा दूरच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. तो दगड शहराकडे बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या वाटांचे ठिकाण म्हणून पाहतो. मेट्रोने झिरो माइलचे नाव एका स्थानकाला दिले; त्या दगडामागचा विचार मात्र घेतला नाही.

स्थानकाला वस्तीचे नाव असावे, यात वाद नाही. पण टोकाच्या स्थानकावर एवढ्याने भागत नाही. नकाशातील रेघेच्या टोकाला ‘भंडारा, साकोली, कोहमारा, रायपूरकडे’ एवढे लिहायला किती जागा लागते?

४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्येच मंजुरी दिली. त्यात ही मार्गिका पारडी, कापसीवरून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत जायची आहे. म्हणजे टोक पुढे सरकेल, प्रश्न तोच राहील. एसटीतून उतरलेली म्हातारी हातातली पिशवी घेऊन सावलीतून, रस्ता न ओलांडता फलाटावर पोहोचेल काय? नव्या टोकाची पारख याच कसोटीवर व्हावी.