उमराव आणि सुतार

आमच्या महाविद्यालयात बुलढाणा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून मुले येतात. बहुतेक माझ्यासारखीच, घरातली पहिली शिकणारी. मागल्या सत्रात नाझी जर्मनी शिकवताना मी विचारले, हिटलरला मारण्याचा प्रयत्न कोणी केला? चार-पाच मुलांनी एकदम नाव घेतले, काउंट स्टाउफेनबर्ग. एकाने मोबाइलवर त्याचा फोटो दाखविला. लष्करी गणवेश, डोळ्यावर काळी पट्टी. तो फोटो २००८ सालच्या 'व्हाल्कीरी' चित्रपटातल्या टॉम क्रूझचा होता. मग मी दुसरे नाव घेतले, गेओर्ग एल्सर. वर्ग गप्प झाला.

या गप्प होण्याविषयी मला लिहायचे आहे.

स्टाउफेनबर्गच्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. १९४३ साली ट्युनिशियात त्याने डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटे गमावली. २० जुलै १९४४ रोजी उरलेल्या तीन बोटांनी बॉम्ब सज्ज करून तो त्याने हिटलरच्या बैठकीत ठेवला. हिटलर वाचला आणि स्टाउफेनबर्गला त्याच रात्री बर्लिनमध्ये गोळी घालण्यात आली. ज्यूंच्या कत्तलींच्या वार्तांनी तो हादरला होता, हेही खरे आहे.

पण त्याला कोणता समाज हवा होता? १९३९ साली पोलंडवर चाल करून गेल्यावर त्याने पत्नीला पत्र लिहिले. त्यात तिथल्या लोकांचा, ज्यूंचा आणि संमिश्र वंशाच्या माणसांचा उल्लेख उघड तुच्छतेने केलेला आहे. १९४४ च्या जुलैत त्याच्या निकटच्या वर्तुळाने भावी जर्मनीसाठी एक शपथ तयार केली. समता हे असत्य आहे आणि निसर्गाने घालून दिलेल्या श्रेणी मान्य केल्या पाहिजेत, असा तिचा आशय होता. 'निसर्गाने घालून दिलेल्या श्रेणी' हे शब्द आपल्याला परके आहेत काय? त्याआधी सतरा वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा झाला आणि श्रेणींचा ग्रंथ जाळला गेला. अस्पृश्य मानलेली माणसे जे १९२७ साली बोलली, ते या उमरावाला १९४४ सालीही पटलेले नव्हते.

आता सुताराकडे वळू. एल्सर हा दक्षिण जर्मनीतला साधा कारागीर. युद्ध अजून सुरू व्हायचे होते, तेव्हाच त्याने निर्णय घेतला. सुरुंगाची दारू मिळावी म्हणून तो दगडाच्या खाणीवर मजुरीला राहिला. मग म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये तीसहून अधिक रात्री लपून राहून, गुडघ्यांवर बसून, त्याने एक खांब पोखरला. गुडघे पिकले. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी बॉम्ब ठरल्या वेळी फुटला. हिटलर तेरा मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली. त्यांत एक वाढपी बाई होती, हे आपण लपवता कामा नये. चौकशीत एल्सरने सांगितले की, कामगारांची दशा खालावली आणि युद्ध येणार हे दिसत होते, म्हणून मी हे केले. ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्याला गोळी घातली.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. नाझी म्हणाले, यामागे ब्रिटिश हेर आहेत. युद्धानंतर इतर म्हणाले, हा नाझींचाच हस्तक असावा. एकटा सुतार स्वतःच्या डोक्याने विचार करतो, यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. बर्लिनमधल्या एका रस्त्याला १९५५ सालीच स्टाउफेनबर्गचे नाव मिळाले. एल्सरच्या चौकशीची कागदपत्रे १९७० साली छापली गेली, तेव्हा कुठे संशय फिटू लागला. बर्लिनमध्ये त्याचे स्मारक उभे राहायला २०११ साल उजाडले.

माझा बाप खाणीवर खडी फोडायचा. एकदा त्याने ठरलेला दर मागितला, तेव्हा मुकादमाने विचारले, "तुले कोनं शिकवलं हे?" दर द्यायचा की नाही, हा प्रश्नच उरला नाही. बोलणाऱ्यामागे दुसरे कोणीतरी आहे, असे एकदा ठरले की मागणीचे उत्तर द्यावे लागत नाही. एल्सरला जगाने हाच प्रश्न विचारला.

प्रस्थापित संस्कृतीला उमराव नायक सोयीचा असतो. त्याला घराणे आहे, गणवेश आहे. त्याचा विद्रोह वरच्यांनी वरच्यांविरुद्ध केलेला असतो आणि त्यात श्रेणी शाबूत राहते. आपली मुलेही त्याच्याकडे ओढली जातात, कारण शौर्य म्हणजे घोडा, तलवार आणि गढी असेच त्यांना शिकवले गेले आहे. अण्णा भाऊंनी १९५९ साली 'फकिरा'तून मांगवाड्यातला नायक उभा केला, तो ही शिकवण मोडण्यासाठीच. ते काम अपुरे आहे, याची जबाबदारी आम्हा शिक्षकांवरही आहे.

तास संपल्यावर एक मुलगा थांबला. त्याचे वडील गवंडीकाम करतात. त्याने विचारले, "सर, त्या सुताराचा फोटो आहे का?" मी दाखविला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आपल्यासारखाच दिसते."