सालईचा पापुद्रा आणि ‘फ्लिम्झी’

पातळपणा सांगायला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘थिन’ नुसतं माप सांगतो. ‘स्लेंडर’ कौतुक करतो. ‘फ्लिम्झी’ मात्र निकाल देऊन मोकळा होतो. खुर्ची फ्लिम्झी आहे म्हटलं की तिच्यावर बसू नये एवढं कळतं. पुरावा फ्लिम्झी असेल तर तो कोर्टात टिकायचा नाही, आणि सबब फ्लिम्झी म्हणजे आपण जिला लंगडी सबब म्हणतो ती. खुर्चीच्या काटकुळ्या पायांत पातळपणा निदान डोळ्यांना दिसतो; पुराव्यात आणि सबबीत तर तोही उरत नाही, उरतो फक्त भार न पेलण्याचा दोष. कापडाविषयी बोलताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात: आरपार दिसेल इतकं झिरझिरीत, आणि दोन धुण्यांत विरून जाईल असंही. या शब्दाचं खरं घर कापडात आहे असं मला वाटतं ते यामुळेच.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो लिखाणात आढळतो. त्याचं कूळ पक्कं ठरलेलं नाही. ‘फिल्म’ म्हणजे पापुद्रा आणि ‘फ्लिम-फ्लॅम’ म्हणजे थापेबाजी, या दोन शब्दांशी त्याचं नातं लावतात. मला दोन्ही नाती पटतात, कारण पापुद्र्याचा हलकेपणा आणि थापेचा पोकळपणा त्यात आजही शेजारी शेजारी आहेत. शिवाय त्याचा आवाज ऐका. ‘फ्लॅप’, ‘फ्लटर’, ‘फ्लिकर’ अशा फडफडणाऱ्या, लुकलुकणाऱ्या शब्दांच्या रांगेतलाच तो आहे. उच्चारताना वाऱ्यावर काहीतरी हललंच पाहिजे.

हा शब्द नेपानगरच्या कागदावर ठेवून वाचला की त्याची खरी परीक्षा होते. बुऱ्हाणपूर ते खंडवा या लोहमार्गावरचं हे गाव वृत्तपत्राच्या कागदासाठी वसलं. नावही त्याला गिरणीवरून मिळालं. 1947 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची ही गिरणी 1955 मध्ये चालू झाली आणि एप्रिल 1956 मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. वृत्तपत्राचा कागद करणारी ही भारतातली पहिली गिरणी. कच्चा माल भोवतालच्या निमाडच्या जंगलातला: सालई आणि बांबू. सालईचं झाड ज्यानं जवळून पाहिलंय त्याला ठाऊक असतं की तिची साल पातळ पापुद्र्यांनी सुटत राहते. कागद अर्थातच सालीचा होत नाही, लाकडाचा होतो. तरीही कोशातला तो पापुद्रा या जंगलात झाडाच्या अंगावर भेटतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता कागदाकडे पाहू. वृत्तपत्राचा एक चौरस मीटर कागद साधारण पंचेचाळीस ग्रॅम भरतो, झेरॉक्सचा सत्तर-ऐंशी. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हातात धरला तर मान टाकतो, ओला झाला तर संपला. फ्लिम्झी म्हणायला आणखी काय हवं? पण हाच कागद छापखान्यात रोटरीवर चढतो तेव्हा त्याची अखंड पट्टी सेकंदाला कित्येक मीटर वेगानं, ताणलेल्या स्थितीत रुळांमधून धावते, दोन्ही बाजूंनी शाई घेते, आणि तुटत नाही. तुटली तर अख्खं यंत्र थांबतं. हे बळ कुठून येतं, ते घरच्या घरी पाहता येतं. वर्तमानपत्र उभं फाडा, ते सरळ फाटत जातं. आडवं फाडा, वेडंवाकडं फाटतं. लगदा जाळीवर धावताना बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेनं लागतात, आणि रोटरीची ओढही त्याच दिशेला असते. सालईच्या लाकडाचा लगदा कागदाला अंग देई, बांबूचे लांब तंतू त्याला ताकद देत.

दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. इतका पातळ असूनही मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानात फारशी मिसळत नाहीत. याचं श्रेय लाकूड दळून केलेल्या लगद्यातल्या बारीक, खडबडीत कणांना आहे. ते प्रकाश विखुरतात. लगदा रसायनांनी अगदी शुद्ध केला तर तेवढ्याच जाडीचा कागद जास्त पारदर्शक होतो. लाकडातलं लिग्निन राहिल्यामुळे हा कागद उन्हात पिवळा पडतो, आणि ज्या लगद्यात ते राहतं त्याच लगद्यामुळे तो वाचता येतो.

‘फ्लिम्झी’ शब्दाच्या इतिहासात एक वळण आहे आणि ते वृत्तपत्रांच्या दुनियेतलंच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे बातमीदार एकाच मजकुराच्या अनेक प्रती निघाव्यात म्हणून अतिशय पातळ कागद वापरत. त्या कागदालाच ते ‘फ्लिम्झी’ म्हणू लागले. विशेषणाचं नाम झालं आणि त्यातला तिरस्कार गळून पडला. जाड कागद तिथे निरुपयोगी होता. खालच्या प्रतीपर्यंत अक्षर उतरायला पातळच कागद हवा होता. पातळपणाशी ज्यांचं रोजचं काम, त्यांना तो दोष वाटत नाही. बुऱ्हाणपूरच्या विणकरांनाही वाटला नसता. सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशानं इथल्या पांढऱ्याशुभ्र, तलम सुती कापडाचा व्यापार पाहिला. ते इराण, तुर्कस्तानापासून पोलंडपर्यंत जात होतं. आपल्याकडे तर ‘पातळ’ हे साडीचंच नाव.

नेपानगरच्या गिरणीत सालई आणि बांबू कालांतरानं मागे पडले. रद्दीतली शाई काढून लगदा होऊ लागला. 2016 पासून नूतनीकरणासाठी बंद असलेलं उत्पादन 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं, तेही रद्दीवरच. रद्दीचा प्रत्येक फेरा तंतू आखूड करतो, त्याची एकमेकांना धरून राहण्याची ताकद घटवतो. त्यामुळे त्याच वजनाचा, त्याच जाडीचा कागद कमकुवत निघू शकतो, आणि रोटरीवर तो तुटला तर त्याला फ्लिम्झी म्हणणं अगदी रास्त ठरेल.