गिरणगांवची तोंडी बखर

नीरा आडारकर व मीना मेनन यांचा मुंबईच्या गिरणगांवावरील इंग्रजी ग्रंथ २००४ सालीं प्रसिद्ध झाला. ‘शंभर वर्षें, शंभर आवाज’ असा त्याच्या नांवाचा अर्थ. गिरणीकामगारांच्या जबान्या हाच त्याचा मुख्य आधार. शिक्कामोर्तबाच्या कागदांवर पोसलेल्या संशोधकास हें साधन ठिसूळ वाटेल. परंतु चाळींतलें बिऱ्हाड, खानावळ, भजनीमंडळ यांचें दप्तर कोणी ठेवलें? संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला हें सरकारी कागद सांगेल. त्या संपांत चूल कशी पेटली हें कामगाराची गृहिणीच सांगेल. मात्र स्मृति सनावळींत चुकते. यास्तव बखरीस जो न्याय तोच या जबान्यांस लावावा: टाकूं नयेत, पण अस्सल पत्रांशीं ताडून पाहाव्या. या दृष्टीनें ग्रंथ निःसंशय संग्राह्य आहे.

वऱ्हाडासही तो परका नाहीं. अकोल्याच्या सावतराम रामप्रसाद व मोहता या गिरण्या १९७४ च्या कायद्यानें राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यांत राबलेले कामगार आतां वृद्ध झाले आहेत. पोथ्या जमविणाऱ्या आमच्या मित्रांनीं त्यांच्या घरच्या पगारचिठ्ठ्या रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या, आणि जवळ बसून त्यांची हकीकतही उतरून घ्यावी.