जखम : प्रतीक, पुरावा आणि शरीर

आपल्या कथा-कवितांत अत्याचारित स्त्री पुष्कळदा येते. तिची जखम साऱ्या वस्तीची जखम होते. कवी पेटून उठतो, कथेतला तरुण बंडाची भाषा बोलू लागतो. हा संताप खराच आहे. पण हे साहित्य वर्गात शिकवताना मला एक प्रश्न सतत पडतो. त्या रात्री तिचे रक्त कोणी थांबवले? तिला दवाखान्यात कोणी नेले? बहुतेक कथा इथे गप्प असतात. जखम एकदा प्रतीक झाली की तिला टाके घालण्याची गरज लेखकाला वाटेनाशी होते.

न्यायव्यवस्थेने हीच जखम पुरावा म्हणून वाचली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याचे एका आदिवासी मुलीने सांगितले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, हे त्यातले एक मुख्य कारण! खाकी वर्दीपुढे शरीर भीतीने थिजते, हे न्यायासनाला उमगले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच मला महत्त्वाची वाटतात. त्यांत जखम ही प्रथम जखम आहे. आधी उपचार, मग पुरावा. पोलिसांत तक्रार नसली तरी उपचार द्यायचे. जखमा धुऊन शिवायच्या, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे, गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायची. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. दोन बोटांची चाचणी बाद केली आहे. जखम नसणे म्हणजे संमती नव्हे, हेही मान्य केले आहे. जातीमुळे होणाऱ्या भेदभावाची दखलही त्यांत आहे.

आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सरकारी-खाजगी सर्व रुग्णालयांना तत्काळ मोफत उपचाराची सक्ती करते. नकार दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण हा हक्क वस्तीत किती जणींना ठाऊक आहे?

मोर्चा दुसऱ्या दिवशी निघतो, औषधाची घटका मात्र त्याच रात्री सुरू झालेली असते. आपल्या साहित्याची आणि चळवळीची बांधिलकी त्या रात्रीपर्यंत पोचली पाहिजे.