मरणाऱ्यानेच द्यायची मरणाची खबर

पेट पास झालात, सिनॉप्सिसमध्ये 'व्हर्च्युअल मशीन क्रॅश झालं की आपोआप नोंद होईल' असं वाक्यही टाकलंत. छान. आता ती नोंद नेमकी करतं कोण, ते सांगा बघू.

केव्हीएम-क्यूईएमयूवर लिनक्स गेस्ट असेल तर बहुधा पीव्हीपॅनिक. हे नकली उपकरण २०१३ मध्ये क्यूईएमयू १.५ सोबत आलं. कर्नल पॅनिक झालं की गेस्टमधला ड्रायव्हर एका आय/ओ पोर्टवर (हेक्साडेसिमल ५०५) एक बाइट लिहितो, आणि क्यूईएमयू होस्टला 'गेस्ट पॅनिक्ड' ही घटना कळवतं. पुढे मशीन बंद करायचं, रीस्टार्ट करायचं की मेमरीचा डंप घ्यायचा, हे लिबव्हर्टमधल्या ऑन_क्रॅशवर ठरतं.

रचना मला आवडते. मरायला टेकलेल्या कर्नलकडून नेटवर्क चालवून घेणं अवघड; एक बाइट मात्र तो लिहू शकतो. पण त्या बाइटमध्ये कारण मावत नाही. हायपर-व्हीने त्यासाठी पाच रजिस्टर दिलेत, त्यात विंडोज गेस्ट बगचेक कोड आणि चार पॅरामीटर ठेवतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे रावेर-यावलला केळीच्या मळ्यात मोबाईल स्टार्टर असतात. मोटर बंद पडली की मेसेज येतो. पण स्टार्टरच मेला तर मेसेज पाठवणार कोण? पीव्हीपॅनिकचंही तसंच. गेस्ट पॅनिक न होता नुसता अडकला, तर होस्टला काहीच कळत नाही. तिथे वॉचडॉग वेगळा लावावा लागतो.

आणि सगळ्यात फसवी जागा केडम्पची. गेस्टमध्ये केडम्प लावलेला असेल, तर लिनक्स आधी क्रॅश कर्नलमध्ये उडी मारतो. पीव्हीपॅनिकला हाक मारणारे पॅनिक नोटिफायर त्यानंतरच्या ओळींत आहेत, तिथवर तो पोचतच नाही. होस्टला दिसतो फक्त एक रीबूट! 'क्रॅश_केएक्झेक_पोस्ट_नोटिफायर्स' हा बूट पर्याय दिला तर क्रम उलटतो. २०२० मध्ये पीव्हीपॅनिकला 'क्रॅश कर्नल तयार आहे' असं सांगणारा दुसरा बिट मिळाला, पण तोही नोटिफायर चालले तरच उपयोगाचा.

म्हणजे तुम्ही फॉल्ट इंजेक्शनचे प्रयोग करून घटना मोजल्यात, तर 'क्रॅश'च्या रकान्यात येतील फक्त स्वतः बोलू शकलेले गेस्ट. बाकीचे 'सुरळीत' किंवा 'रीबूट' मध्ये जातील, आणि व्हायव्हाला कुणी विचारलं तर उत्तर नसेल. तेव्हा प्रयोगाआधी गेस्टमध्ये सिसआरक्यूचं 'सी' देऊन मुद्दाम पॅनिक करा, एकदा केडम्प चालू ठेवून आणि एकदा बंद करून, आणि होस्टवरच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा.